लिहिलेले अंडे

अंड्यावर लेख लिहायला बसले आहे हे आमच्या आईच्या कानावर गेले असते, तर तिने आधी माझे टेबल गोमूत्राने पुसून घेतले असते. आमच्या लहानपणी घरात अंड्याला नावच नव्हते. शेजारच्या बिऱ्हाडातून वास आला की आई खिडकी लोटून घेई, आणि आम्ही बहिणींनी काही विचारलेच तर ‘त्यांचं ते’ एवढेच तिचे उत्तर असे. पुढे कॉलेजात शिकवू लागल्यावर ब्रह्मांड हा शब्द वर्गात फोडून सांगण्याची पाळी आली. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ज्या वस्तूला आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नव्हता, तिच्याच पोटात आमच्या पूर्वजांनी चौदा भुवने बसवून ठेवली होती! तेव्हापासून अंडे हा विषय मी सोवळ्या-ओवळ्याच्या यादीतून काढून टाकला आहे. खाण्याच्या यादीत मात्र तो अजूनही गेलेला नाही.

आज ज्या अंड्याविषयी मला सांगायचे आहे, तेही खाण्याचे नव्हे. ते लिहिण्याचे अंडे आहे. युक्रेनमध्ये, आणि युक्रेनी माणूस जिथे जिथे जाऊन राहिला तिथे, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत बायका कोंबडीच्या कच्च्या अंड्यावर मेणाने नक्षी करतात. या अंड्याला ‘पिसांका’ म्हणतात. ईस्टर हा ख्रिस्ती सण खरा. पण पिसांकेवरची नक्षी पाहिली तर तिच्यात सूर्य आहे, हरीण आहे, गव्हाची ओंबी आहे, पाऊस आहे, हात वर करून उभी राहिलेली एक बाई आहे. कीव्हच्या राजाने ख्रिस्ती धर्म घेतला तो ९८८ साली. ही सगळी मंडळी त्याच्याही आधीपासूनची, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. चर्चने त्यांना हाकलून दिले नाही. शेजारी एक क्रूस काढायला लावला, पाद्र्याने टोपलीवर मंतरलेले पाणी शिंपडले, आणि जुना सूर्य नव्या देवळात सुखाने राहू लागला. जुन्या दैवताला शेंदूर फासून, नवे नाव देऊन गावात ठेवून घेण्याची ही रीत आपल्याला काही अपरिचित नाही.

या अंड्याची आणि माझी गाठ पडली ती २०१९ च्या एप्रिलमध्ये, कॅनडातल्या एडमंटन शहरी. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले होते. आई जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. तेव्हा बाळंतपण थोरल्या बहिणीने करायचे, हे न बोलताच ठरून गेले. मला स्वतःला मूल नाही. ‘ताई, तुला डिंकाचे लाडू जमतील ना?’ एवढेच तिने फोनवर विचारले. बाकीचे जे विचारण्यासारखे होते ते तिने विचारले नाही, आणि मीही आपण होऊन सांगितले नाही.

एप्रिल म्हणजे आपल्याकडे आंब्याचे दिवस. तिथे अंगणात अजून बर्फ होते. पुण्याच्या आणि तिथल्या घड्याळात साडेअकरा तासांचे अंतर. त्यामुळे घरातली सारी माणसे झोपली की माझा दिवस उजाडत असे. अशीच एकदा रात्री दोनच्या सुमाराला खिडकीशी उभी होते. समोरच्या घराच्या स्वयंपाकघरात मेणबत्ती जळत होती, आणि तिच्यापुढे एक म्हातारी हातात काहीतरी धरून, मान खाली घालून बसली होती. दुसऱ्या रात्रीही तेच. बहिणीला विचारले, तर ती म्हणाली, ‘त्या बाबा. अंडी लिहितात.’

युक्रेनी भाषेत बाबा म्हणजे आजी! पुढे दीड महिना मी एका ऐंशी वर्षांच्या बाईला बाबा म्हणून हाक मारली, आणि दर वेळी माझी जीभ किंचित अडखळली. तिसऱ्या रात्री बाबांनी मला खिडकीत पाहिले आणि हाताने ‘ये’ अशी खूण केली. मी बहिणीचा जाडजूड कोट अंगावर चढवला आणि रस्ता ओलांडला.

बाबांचे आजोबा पहिल्या महायुद्धाच्या आधी गॅलिशियातून आले. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या बादशहाचा होता. १८९१ पासून युक्रेनी शेतकरी कॅनडात उतरू लागले आणि अल्बर्टाच्या माळरानावर त्यांनी जमिनी घेतल्या. एडमंटनच्या पूर्वेला मोटारीने तास-सव्वा तासावर व्हेग्रव्हिल नावाचे गाव आहे. बाबांचे माहेर त्याच्याच आसपासचे. या गावाने १९७५ साली ॲल्युमिनियमची एक प्रचंड पिसांका उभारली. लांबी सात मीटरांहून अधिक, आणि वाऱ्याबरोबर ती वळते. मेहुण्यांनी मला मोठ्या हौसेने ती दाखवून आणली. मी खाली उभी राहून ‘वा!’ म्हटले, आणि मनात आले, एवढे अंडे घालणाऱ्या कोंबडीने केवढा गलका केला असेल! बाबांना हे सांगितले तेव्हा त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, ‘ते पाहुण्यांसाठी. ते पोकळ आहे. अंडे भरलेले हवे.’

बाबांचे अंडे खरोखरच भरलेले असे. उकडून रंगवलेली अंडी त्यांच्याकडेही होतात. पण ती खाण्याची, आणि त्यांचे नाव वेगळे. पिसांका व्हायची ती कच्च्या अंड्याचीच. टोचून, फुंकून आतला बलक काढून टाकला की कवच वर्षानुवर्षे निर्धोक राहते, आणि दुकानात मिळणाऱ्या पिसांका तशाच असतात. बाबांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते नक्षी वरून लिहायची असली तरी तिचे काम आत चालते. आत काही नसेल तर ती नक्षी कुणाशी बोलणार?

लिहिण्याची रीत मोठी नामी आहे. काडीच्या टोकाला पितळी पत्र्याचे इवलेसे नळकांडे बांधलेले असते. ते मेणबत्तीवर तापवायचे, त्यात मधमाशांचे मेण भरायचे आणि अंड्यावर रेघ ओढायची. पांढऱ्या अंड्यावर आधी त्या रेघा लिहायच्या, ज्या शेवटी पांढऱ्या राहायला हव्यात. मग अंडे पिवळ्या रंगात बुडवायचे. आता जे पिवळे राहायला हवे त्यावर मेण. मग नारिंगी, मग लाल, आणि सर्वांत शेवटी काळा. बाटिकचे कापड ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही युक्ती चटकन कळेल: जे झाकले ते टिकले. शेवटी हातात उरतो तो एक काळाकुट्ट, मेणाने बरबटलेला गोळा. सगळी मेहनत वाया गेली असे वाटावे, इतका कुरूप. मग बाबा तो ज्योतीच्या कडेला धरत आणि वितळलेले मेण फडक्याने टिपून घेत. काळ्याच्या खालून लाल, पिवळे, पांढरे एकेक करून वर येऊ लागे. हा क्षण मी पाच-पन्नास वेळा तरी पाहिला असेन. पण एकदाही मला दुसरीकडे पाहवले नाही.

एका रात्री मी बाबांना विचारले, ‘तुम्ही चित्र काढता असे का म्हणत नाही? लिहिता असेच का म्हणता?’ आम्ही इंग्रजीत बोलत होतो. दोघींनाही ती भाषा परकी नव्हती आणि घरचीही नव्हती. बाबा म्हणाल्या, ‘चित्र भिंतीवर काढतात. अंडे लिहितात.’ पिसांका हे नावच मुळी ‘पिसाती’ म्हणजे लिहिणे या क्रियापदावरून आले आहे. माझ्यातली मराठीची मास्तरीण तिथे जागी झाली. भाषाशास्त्रज्ञ हे क्रियापद आणि संस्कृतातला पिश् हा धातू एकाच कुळातले मानतात. पिश् म्हणजे कोरणे, सजवणे. त्याच्यापासून ऋग्वेदात येणारा पेशस् हा शब्द झाला. पेशस् म्हणजे नक्षीचे, कशिद्याचे वस्त्र. यजुर्वेदात कारागिरांच्या यादीत एक ‘पेशस्कारी’ आहे, कशिदा काढणारी बाई. हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेले हे दोन शब्द. एक सिंधूच्या काठी येऊन वस्त्रावर बसला, दुसरा नीपरच्या काठी अंड्यावर.

रात्री तीन वाजता, परक्या देशात, मी हे सगळे त्या म्हातारीला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. वर्गात इतक्या लक्षपूर्वक माझे कुणी ऐकत नाही. ऐकून झाल्यावर बाबा म्हणाल्या, ‘म्हणजे तुझ्या घरचीच विद्या आहे. मग नुसती बघत काय बसलीस?’ आणि त्यांनी ते नळकांडे माझ्या हातात दिले.

रांगोळीच्या सवयीने ठिपके मला बरे साधले. रेघ मात्र साधेना. रांगोळीतली रेघ जमिनीवर कुठेतरी थांबते. अंड्यावरची रेघ फिरून आपल्याच शेपटीला येऊन भिडायला हवी. तिथे गव्हाएवढा जरी फरक पडला तरी सगळे उघडे पडते. अंड्याच्या कमरेभोवती लाटांसारखी फिरणारी एक वेल असते, तिला ‘न संपणारी’ असे नाव आहे. माझी दोन ठिकाणी संपली.

नक्षीची ही नावे हा एक स्वतंत्र आनंद आहे. बाबांनी मला सांगितलेली, आणि पुढे पुस्तकांतून सापडलेली नावे मी एका वहीत उतरवून ठेवली आहेत. सशाचे कान. हंसाची पावले. दाताळे. देवदाराची डहाळी. ओकचे पान. कुरळे केस. सगळी परसातली आणि रानातली. एक चिन्ह आहे ‘बदकाच्या माना’ नावाचे. बाबांच्या एका जुन्या पुस्तकात मी ते पाहिले आणि चमकले. ते आपले स्वस्तिक होते. चार बदके एका ठिकाणी पाठ करून चारी दिशांना माना वळवून बसली आहेत असे कुणा शेतकरणीला दिसले असावे. बाबांच्या एकाही अंड्यावर मात्र ते नव्हते. ‘आजी लिहायची,’ त्या म्हणाल्या. ‘लढाईनंतर आईने सोडले. लोक वेगळा अर्थ घ्यायचे.’ माणसांचे रक्षण करण्यासाठी हजारो वर्षे दारावर, कपाळपट्टीवर, अंड्यावर उभे राहिलेले हे चिन्ह. पण त्याच्यावरच पाळी आली तेव्हा त्याचे रक्षण कुणालाही करता आले नाही.

विद्वानांच्या पुस्तकांत ही परसातली नावे सहसा दिसत नाहीत. तिथे सशाचे कान, दाताळे हे सगळे जाऊन ‘सुफलतेची चिन्हे’ आणि ‘रक्षक चिन्हे’ असे दोन मोठे गट होतात. हे काम क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. चौकटीचे चार भाग आणि प्रत्येकात एक ठिपका, हे चिन्ह पिसांकांवर आहे, भरतकामात आहे, रशियातल्या खेड्यांतल्या नवऱ्यामुलींच्या घागऱ्यांवर आहे. आंब्रोझ या सोव्हिएत पुरातत्त्वज्ञाने १९६५ साली असे मांडले, की हे पेरलेल्या शेताचे चिन्ह होय. युक्रेनमधल्या त्रिपिल्या संस्कृतीच्या, पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या स्त्रीमूर्तींच्या पोटावरही हीच चौकट आहे. त्यांपैकी काही मूर्तींच्या मातीत धान्याचे दाणे मिसळलेले सापडले आहेत. बाईचे पोट आणि पेरलेले शेत एकच मानण्याची कल्पना इतकी जुनी आहे! रिबाकोव्ह या इतिहासकाराने १९८१ साली स्लाव लोकांच्या जुन्या धर्मावर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात ही कल्पना फार लांबवर नेली आहे.

पण गंमत अशी, की ज्या बायका हे लिहीत आल्या त्यांना विचारले, तर त्या यातले काहीच सांगत नाहीत. ती हात वर केलेली बाई घ्या. आज तिला ‘बेरेहिन्या’ म्हणतात, म्हणजे रक्षण करणारी. घराची आणि राष्ट्राची माता. कीव्हच्या स्वातंत्र्यचौकात २००१ साली उभारलेल्या उंच स्तंभावर जी सोनेरी बाई आहे, तिलाही लोक बेरेहिन्या म्हणतात. बेरेहिन्या हा शब्द जुना आहे. मध्ययुगीन धर्मोपदेशकांनी पाखंड्यांच्या भुताखेतांच्या यादीत तो घातलेला आहे. पण तिला राष्ट्राच्या गृहदेवतेचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या शेवटी, लेखकांच्या लेखणीतून. अंड्यावरची ती आकृती बाबांच्या वहीत नुसती ‘कुरळे केस’ होती. मी पुस्तकातला अर्थ वाचून दाखवला तेव्हा बाबा म्हणाल्या, ‘असेल. आई असेच लिहायची.’

‘पण मग तुमच्या मते अर्थ काय?’

‘ते अंडे कुणाला द्यायचे त्यावर आहे,’ बाबा म्हणाल्या.

हे उत्तर मला त्या वेळी टाळाटाळीचे वाटले. पण बाबांच्या तोंडून त्यांच्या आजीच्या घरातली हकिकत ऐकत गेले, तसतसे ते मला पटू लागले. ईस्टरच्या आधी आजी साठ-साठ अंडी लिहीत असे, आणि प्रत्येकाचा पत्ता ठरलेला असे. मुलांना भडक रंगांची, फुलांची. म्हाताऱ्यांना गडद, शिडी किंवा फाटक असलेली. कारण त्यांना आता चढून जायचे आहे. पाद्र्याला एक. एक गाईच्या गव्हाणीत. एक मधमाश्यांच्या पेटीखाली. एक नांगरटीच्या पहिल्या तासात पुरायचे. एखादे गेलेल्या माणसाच्या थडग्यावर ठेवायचे. त्या दिवसांत कुणाचे लहान मूल दगावले, तर एक पिसांका त्याच्या हाताशी पेटीत ठेवायची. टरफले फुटली तरी उकिरड्यावर जायची नाहीत. ती शेतात किंवा आढ्याला.

ही यादी ऐकताना मी थांबले. पुस्तकांनी ज्याला सुफलता म्हटले होते, ती या यादीत केवढी ऐसपैस होती! गाय, माशी, माती, म्हातारा, मेलेले मूल. बाळाची आस लागलेल्या सुनेलाही त्यात एक अंडे होते, कोंबड्या लिहिलेले. पण साठांतले एक. मागणे बाईच्या कुशीपाशी येऊन थांबलेले नव्हते. जे आहे ते असू दे, जे चालले आहे ते चालू राहू दे, एवढेच ते मागणे होते; आणि त्यात सुफलता कुठे संपते आणि रक्षण कुठे सुरू होते, हे त्या आजीलाही सांगता आले नसते.

मला हे एवढे का भिडले ते सांगते. भाचीचे बारसे त्याच आठवड्यात होते. एडमंटनमधली मराठी मंडळी जमली होती. पाळणा सजला होता, घुगऱ्या झाल्या होत्या, आणि बाळंतिणीची ओटी भरायची वेळ आली. मी तांदळाचे तबक उचलले. एक वयस्कर बाई, अतिशय प्रेमळ, माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘पहिली ओटी लेकुरवाळीने भरू दे हं. मग तुम्ही भरा.’ त्यांच्या मनात काडीचेही वाईट नव्हते. मी तबक त्यांच्या हाती दिले. बहिणीने माझ्याकडे पाहिले आणि पटकन मान खाली घातली.

लग्नाला तेव्हा सतरा वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत माझी ओटी किती वेळा भरली गेली याचा हिशेब नाही. नारळ, तांदूळ, खण, हळकुंड. नात्यातल्या बायकांनी, शेजारणींनी, एकदा तर आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी आजींनी. प्रत्येक वेळी त्यांचे डोळे जरा ओले आणि हात जरा जड. नारळ पदरात पडला की मला वाटे, ही एक आठवण करून दिलेली आहे. देणे फेडलेले नाही, त्याची आठवण. ओटीतल्या तांदळांचा आम्ही घरी भात करीत असू आणि यजमान म्हणत, ‘चला, तेवढीच रेशनची बचत.’ त्यांच्या विनोदाने पुष्कळ वर्षे आम्हा दोघांना सांभाळले.

बारशाच्या रात्री मी बाबांकडे गेले. तांदळाच्या तबकाची गोष्ट सांगितली. का सांगितली कुणास ठाऊक; साडेअकरा तासांच्या अंतरावर असल्यावर माणूस सैल होतो. बाबा अंडे लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, सांत्वन केले नाही, ‘देव देईल’ असेही म्हटले नाही. मेण तापवीत त्यांनी विचारले, ‘त्या तांदळाचे तुम्ही काय करता?’

‘भात करतो. खातो.’

‘मग झाले की,’ बाबा म्हणाल्या.

त्या वर्षी त्यांचा ईस्टर २८ एप्रिलला होता. इतर ख्रिस्ती लोकांच्या मागून एक आठवड्याने, कारण त्यांच्या चर्चचे पंचांग जुने. त्या दिवशी बाबा टोपली घेऊन आल्या. बाळंतिणीला कोंबड्या लिहिलेले अंडे दिले. बाळाच्या पाळण्यात पांढऱ्यावर गुलाबी फुलांचे, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. मेहुण्यांना ओकच्या पानांचे. मग त्यांनी माझ्या हातावर एक अंडे ठेवले. त्याच्यावर ना कोंबडी होती, ना ओंबी, ना शिडी. सगळ्या अंगभर नुसते त्रिकोण होते, आणि प्रत्येक त्रिकोणात वेगळी जाळी, वेगळे ठिपके. या नक्षीचे नाव ‘चाळीस त्रिकोण’. कुणी म्हणतात उपासाचे चाळीस दिवस, कुणी म्हणतात आयुष्यातली चाळीस कामे. मी सवयीने मोजू लागले. परीक्षकाला बेरीज तपासल्याशिवाय राहवत नाही. ते अठ्ठेचाळीस भरले.

‘हे तर जास्त आहेत!’ मी म्हटले.

‘नेहमीच जास्त असतात,’ बाबा म्हणाल्या. ‘कुणाला काय द्यावे हे मला ठरवता येत नाही, तेव्हा मी हे देते. ज्याचे त्याने घ्यावे.’

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातावर कुणीतरी सुफलतेची वस्तू ठेवली होती, आणि ती माझ्याकडे काहीही मागत नव्हती.

कार्पेथियन डोंगरांतल्या हुत्सुल लोकांत एक गोष्ट सांगतात. एका कड्याशी एक दुष्ट राक्षस साखळदंडांनी बांधलेला आहे. दर वर्षी तो आपले दूत गावोगाव पाठवतो आणि या वर्षी किती पिसांका लिहिल्या गेल्या ते मोजून घेतो. पुष्कळ झाल्या असतील तर साखळदंड आवळले जातात. थोड्या झाल्या असतील तर ते सैल पडतात. ही गोष्ट मला बाबांनीच सांगितली होती, हसत हसत. सोव्हिएत काळात युक्रेनमध्ये या अंड्यांकडे धर्माचे लक्षण म्हणून वाकड्या डोळ्याने पाहिले जाई. तेव्हा कॅनडातल्या माळरानावरच्या बायकांनी जणू त्या राक्षसाच्या मोजणीची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली होती. १९९१ साली देश स्वतंत्र झाल्यावर विद्या उघडपणे घरी परतली. कार्पेथियनच्या पायथ्याशी कोलोमिया या गावी २००० साली पिसांकांचे संग्रहालय नव्या इमारतीत आले. ती इमारतच अंड्याच्या आकाराची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या परंपरेची मानवजातीच्या वारशात नोंद केली.

पण त्याआधी २४ फेब्रुवारी २०२२ उजाडली आणि रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसले. बहिणीने फोनवर सांगितले, ‘ताई, बाबांच्या घरी दिवसाही मेणबत्ती असते आता.’ त्या वर्षी बाबांनी किती लिहिली याची गणती त्यांनाही नव्हती. अंड्याने रणगाडा अडत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्यांचे आजोबा शेतकरी होते, आणि शेतकऱ्याला गारपीट कशी असते ते माहीत असते. मी फोनवर विचारले, ‘बाबा, आता कुणाला देणार एवढी?’ त्या म्हणाल्या, ‘जे येतील त्यांना.’ त्या उन्हाळ्यात युक्रेनमधून आलेल्या आया-मुली अल्बर्टात उतरू लागल्या. बाबांच्या टोपलीतली अंडी त्यांच्या हातांत पडली. एकजण म्हणे अंडे हातात धरून अर्धा तास नुसती बसून राहिली होती. तिच्या गावी ती नक्षी लिहीत असत.

माझी पिसांका मला इकडे आणता आली नाही. कच्चे अंडे घेऊन विमानाने यायचे कसे, आणि आणलेच असते तर पुण्याच्या मे महिन्यात त्याचे काय झाले असते, ही कल्पनाच करवत नाही. ती बहिणीच्या काचेच्या कपाटात आहे. न फोडलेले कच्चे अंडे, ऊन न लागेल आणि तडा न जाईल असे जपले, तर कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू सुकत जाते. पाणी उडून जाते, वजन घटते आणि वर्षांनी आतल्या बलकाची एक लहानशी टणक गोळी उरते.

बाबा आता वृद्धाश्रमात असतात आणि त्यांचा हात थरथरतो. भाची सहा वर्षांची झाली आहे. परवा तिने आईची नजर चुकवून कपाट उघडले आणि माझे अंडे कानाशी धरून हलवले. मग धावत फोनपाशी आली. आवाज दबका, जणू काही मोठे गुपित सापडले आहे.

‘मावशी, तुझ्या अंड्यात काहीतरी आहे. वाजतंय!’

‘हो,’ मी म्हटले. ‘आहे. हळूच ठेव.’